लाइटवरचं घड्याळ

बंद पडलेलं घड्याळ घेऊन पुण्यात हिंडणाऱ्या माणसाला सल्ल्याची ददात कधीच पडत नाही. मनगटावरचं घड्याळ बंद असेल तर कुणी ढुंकूनही बघत नाही. पण वीतभर उंचीचं, काळंभोर, मागून वायर लोंबणारं घड्याळ काखोटीला असलं की रिक्षावाल्यापासून बँकेतल्या शिपायापर्यंत सगळ्यांना वेळ असतो. आधी विचारतात, “केवढ्याला घेतलं?” आकडा ऐकून हळहळतात. मग ते उलटंपालटं करतात आणि हे नक्की काय आहे ते ठामपणे सांगतात. प्रत्येकाचं सांगणं वेगळं. एकमत फक्त मी फसलो यावर.

घड्याळ मी जुन्या बाजारातून आणलं. जुना बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. रविवारी येणारा नुसता हिंडायला आलेला असतो आणि बुधवारी रजा टाकून येणारा घेतल्याशिवाय जात नाही, हे तिथल्या विक्रेत्यांना पक्कं ठाऊक असतं आणि भाव त्याप्रमाणे लागतात. मी बुधवारी गेलो होतो.

“अँटिक हाय साहेब. टिपू सुलतानच्या टायमाचं.”

“अहो, याला वायर आहे.”

“वायर मागनं लावली आसंल.”

यावर काय बोलणार? वायर जुनीच होती. वरून सुती विणकाम, आत रबर, आणि नुसतं बोट लावलं तरी रबराचा भुगा गळत होता. टोकाला दोन पिनांचा तपकिरी प्लग. तबकडी पिवळी पडलेली आणि तिच्यावर बारीक अक्षरांत ‘स्मिथ्स सेक्ट्रिक’. मागच्या पत्र्यावर ‘200/250 व्होल्ट, 50 सायकल’. टिपू 1799 साली गेला आणि ज्याच्या नावावरून व्होल्ट आला त्या व्होल्टानं आपली बॅटरी जगाला सांगितली ती 1800 साली. म्हणजे विक्रेत्याचं गणित अगदी थोडक्यात हुकलं होतं. जुन्या बाजारात एवढा फरक चालतो.

घरी आल्यावर पहिला प्रश्न, हे बनलंय कशाचं? जुन्या वस्तूंचे शौकीन सांगतात की बेकेलाइट ओळखायचं वासावरून. अंगठ्यानं जोरात घासायचं, जागा गरम झाली की नाक लावायचं. फिनेलच्या जातीचा उग्र वास आला तर बेकेलाइट, नाही आला तर साधं प्लास्टिक. मी दिवाणखान्यात बसून घड्याळाचा डावा खांदा घासला आणि डोळे मिटून हुंगला. डोळे उघडले तेव्हा बायको समोर उभी होती.

“काही नाही, वास घेत होतो.”

“घड्याळाचा?”

“खरं आहे की नाही ते बघायला.”

“आणि?”

“खरं आहे.”

ती आत गेली आणि आईला काहीतरी सांगताना ऐकू आली. त्या रात्री दोघीही माझ्याशी फार प्रेमानं वागल्या.

दुसऱ्या दिवशी शेजारचे काका आले. काकांच्या मते जगात चांगली म्हणून जी यंत्रं आहेत ती सगळी जर्मन. त्यांचा मिक्सर जर्मन आहे (त्यावर राजकोटचा पत्ता आहे), दाराची कडी जर्मन आहे आणि त्यांच्या गुडघ्यात बसवलेली वाटीसुद्धा, डॉक्टर काहीही म्हणोत, जर्मन आहे. त्यांनी घड्याळ कानाला लावलं.

“जर्मन. आवाजावरून कळतं.”

“काका, ते बंद आहे.”

“बंद असतानाही कळतं.”

“यावर लंडन लिहिलंय.”

“तिथं नुसतं विकायचे.”

मग दुरुस्ती. लक्ष्मी रस्त्याच्या एका बोळात जिन्याखाली एक घड्याळजी बसतात. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं, मागचा पत्रा काढला आणि बराच वेळ आत बघत राहिले.

“चावी कुठाय?”

“चावी नाही.”

“मग सेल?”

“सेलपण नाही. लाइटवर चालतं.”

त्यांनी भिंग काढलं. “यात बॅलन्स नाही, स्प्रिंग नाही, लंबक नाही. याला घड्याळ कोण म्हणतं? इलेक्ट्रिशियनकडे न्या.”

इलेक्ट्रिशियननं बाहेरूनच बघितलं. “साहेब, याला काटे आहेत. हे घड्याळजीचं काम.”

या दोघांच्या मधे मला एक गॅरेजवजा दुकान सापडलं. बाहेर पाटी होती, ‘येथे पंखे, मोटार, पंप रिवाइंडिंग करून मिळेल’. मालक तांब्याच्या तारांच्या ढिगात बसले होते. त्यांनी मात्र घड्याळाला परकं मानलं नाही. आत कॉइल आहे आणि काहीतरी फिरतं, एवढं त्यांना पुरेसं होतं. त्यांनी कुजलेली वायर बदलली आणि मीटरची दोन टोकं कॉइलला टेकवली. मीटरवर आकडा आला, म्हणजे केसाहूनही बारीक असलेली आतली तार इतक्या वर्षांत तुटलेली नव्हती. मग त्यांनी आपुलकीनं विचारलं, “स्पीड वाढवून देऊ?”

“नको, आहे तेवढाच ठेवा.”

“वाढवून देतो की. वाइंडिंग बदलू. नाहीतर रेग्युलेटर बसवा, पाच नंबरचा. पाहिजे तेव्हा फास्ट, पाहिजे तेव्हा स्लो.”

ऑफिसच्या दिवशी दोनवर आणि शनिवारी पाचवर चालणारं घड्याळ क्षणभर डोळ्यांसमोर तरळून गेलं. मी मोठ्या कष्टानं नकार दिला.

सुटा भाग शोधायला विजेच्या सामानाच्या तपकीर गल्लीत गेलो, तर तिथं सगळ्यांच्या तोंडी एकच औषध. “आतलं सगळं काढून फेका, सेलवरचं मशीन टाका.” मोरबीहून पोत्यांनी येणारं ते काळं चौकोनी प्लास्टिकचं मशीन चहा-भज्यांच्या पैशांत मिळतं, वर्षभर एका सेलवर चालतं आणि कुणाचं काही ऐकून घेत नाही. ते उत्तम आहे, त्यात वाद नाही. पण आतलं सगळं उपसून दर्शनी चेहरा तेवढा ठेवायचा, ही वाडा पाडून कमान राखण्याची आपली पेठी पद्धत झाली. दुकानदार म्हणाला, “बाहेरून कुणाला कळणार आहे?” मी म्हटलं, “मला कळेल.” त्यानं पुढच्या गिऱ्हाइकाकडे बघून एक भुवई उचलली.

इथं थोडं आतलं सांगायलाच हवं, कारण या घड्याळाची खरी गंमत आत आहे. घरातली वीज सेकंदाला 50 आवर्तनं करते. कॉइलमधलं चुंबकत्व त्याच तालावर उलटसुलट होतं आणि समोरची दातेरी चकती त्या तालाला धरून फिरते. चकतीला 30 ध्रुव असले तर मिनिटाला बरोबर 200 फेऱ्या, एक कमी नाही, एक जास्त नाही. पुढे दंतचक्रांची उतरंड आणि शेवटी काटे. म्हणजे घड्याळजी बरोबर बोलले होते. यात वेळ ठरवणारं काहीच नाही. वेळ तिकडे वीजकेंद्रात तयार होते आणि तारेतून घरपोच येते. हे घड्याळ फक्त मोजून दाखवतं.

आणखी एक. ही चकती आपण होऊन फिरायला लागत नाही. वीज चालू केली की ती जागच्या जागी थरथरत उभी राहते. मागची गुंडी बोटांनी फिरवून तिला पहिला धक्का द्यावा लागतो, मग ती सूर पकडते. अमेरिकेत लॉरेन्स हॅमंडनं असलीच धक्क्याची घड्याळं काढली आणि पुढे त्याच तत्त्वाच्या मोटारीवर ऑर्गन बनवला. घड्याळवाला हॅमंड लोक विसरले, ऑर्गनवाला राहिला. त्याचं मला विशेष वाटत नाही. ऑर्गन बंद पडला तर निदान शेजारी येऊन ‘जर्मन आहे’ म्हणत नाहीत.

धक्का दिला आणि आमचं घड्याळ चाललं! सेकंदकाटा न अडखळता, सलग फिरू लागला. दुपारभर चाललं, रात्री जेवणापर्यंत चाललं. पहाटे बघतो तर बंद. दुपारी धक्का दिला, पुन्हा चाललं. पहाटे पुन्हा बंद. डिसेंबरचे दिवस होते. मी पहाटे उठून, शाल गुंडाळून, घड्याळापुढे टॉर्च धरून बसू लागलो.

निदान करणारे कमी नव्हते. इलेक्ट्रिशियन म्हणाला, रात्री व्होल्टेज चढतं. काका म्हणाले, जर्मन मशीनला आपली दमट हवा सोसत नाही. डिसेंबरातल्या पुण्याची हवा इतकी कोरडी असते की काकांचे स्वतःचे ओठ बोलता बोलता उलत होते. वरच्या मजल्यावरच्या वहिनींनी भिंत दक्षिणेची असल्याचं निदर्शनास आणलं. बायको म्हणाली, “रात्री सगळेच झोपतात, त्यानं काय पाप केलंय?”

मी पत्रा उघडून बसलो होतो तेव्हा आई मागून आली. तिनं वाकून वास घेतला. आमच्या घरात हे आता कुणाला नवं वाटत नव्हतं.

“अरे, याला कुणीतरी डोक्याचं तेल घातलंय.”

“काय?”

“आवळ्याचं. खोबरेलात उकळलेलं. पहाटे थिजतंय ते. आपल्या बाटलीचं काय होतं थंडीत? ठेव उन्हात.”

खोबरेल 24 अंशांच्या आसपास गोठतं आणि डिसेंबरात पुण्याची पहाट 10 अंशांपर्यंत उतरते. घड्याळजी, इलेक्ट्रिशियन, रिवाइंडिंगवाले, तपकीर गल्ली आणि जर्मनी यांना जे सापडलं नाही ते आईनं एका हुंगण्यात सांगितलं. घड्याळ मी गॅलरीत तेलाच्या बाटलीशेजारी ठेवलं. ऊन अंगावर आलं, चाकांच्या टोचांशी साचलेला पांढुरका थर पारदर्शक होत होत पातळ झाला, मी गुंडी फिरवली आणि काटा चालायला लागला. पूर्वीच्या कुण्या मालकानं घड्याळाचा आणि स्वतःचा शृंगार एकाच बाटलीत उरकला होता. पुढे पेट्रोलनं सगळी चाकं धुतली आणि आईच्या शिवणयंत्राच्या कुपीतलं तेल सुईच्या टोकावर घेऊन एकेक थेंब दिला. आईनं अट घातली की कुपी जागेवर परत ठेवायची. अजून रोज विचारते.

घड्याळ चालू झाल्यावर खरा त्रास सुरू झाला. कारण ते टिकटिकत नाही. कान लावला तर बारीक गुणगुण येते, एरवी चिडीचूप. पाहुणे येतात, बघतात आणि म्हणतात, “छान आहे. बंद आहे का?” चालू घड्याळ चालू असल्याचं पटवून द्यायला मी पाहुण्यांना मिनिटकाट्यासमोर उभं करतो. मिनिटकाटा सरकताना बघत उभं राहिलेल्या पाहुण्याच्या चेहऱ्यावर जी अवस्था येते, ती मी पूर्वी फक्त सत्कार समारंभातल्या सत्कारमूर्तीच्या चेहऱ्यावर पाहिली होती.

अशात आमच्या इमारतीतले, वीज खात्यातून निवृत्त झालेले इंजिनिअर काका आले. हे काका वेगळे. ते जर्मन म्हणाले नाहीत. ते म्हणाले, “फ्रिक्वेन्सी किती आहे?”

“पन्नास.”

“पन्नास! आमच्या वेळेला पन्नास बघायला मिळायची ती कागदावर.” त्यांचा आवाज कातर झाला. नव्वदच्या दशकात विजेची मागणी वाढली की फ्रिक्वेन्सी 48 आणि 49 च्या मधे घुटमळायची, म्हणाले. मी हिशेब केला. दिवसभर 48.5 राहिली तर लाइटवरचं घड्याळ 43 मिनिटं मागे पडणार. मुंबईनं 1955 पर्यंत आपली स्वतंत्र वेळ जपली होती, देशाच्या वेळेपेक्षा 39 मिनिटं मागे. म्हणजे नव्वदच्या दशकातलं लाइटवरचं घड्याळ एका दिवसात जुन्या मुंबईच्याही मागे जायचं. पुणेकराला हे सहन होणं शक्य नव्हतं. तेव्हाची लाइटवरची घड्याळं जुन्या बाजारात का गेली, त्याचा उलगडा झाला.

आता मात्र ग्रिडला 49.90 ते 50.05 च्या आत राहायला सांगितलेलं असतं. 31 डिसेंबर 2013 ला रायचूर-सोलापूर वाहिनीनं दक्षिणेचं ग्रिड उरलेल्या देशाच्या ग्रिडला जोडलं आणि सगळा देश एका तालावर आला. कोइंबतूरच्या पिठाच्या गिरणीवर भार आला तर माझा सेकंदकाटा किंचित अडखळायला हवा, या कल्पनेनं मी भारावून गेलो. मोबाइलवर ग्रिडची फ्रिक्वेन्सी बघायची सवय लागली. बायको भाजीचा भाव सांगत असते आणि मी म्हणतो, “49.93 झाली.” दिवसभर तळाची 49.90 धरून बसली तर घड्याळ जवळजवळ तीन मिनिटं मागे पडतं. एकदा तसं मागे पडलं, तर मी जिन्यात इंजिनिअर काकांना गाठून सांगितलं. त्यांनी ते वैयक्तिक घेतलं. “तुमच्या घड्याळात फॉल्ट असेल,” म्हणाले आणि चार दिवस बोलले नाहीत.

मला तेव्हा हेन्री वॉरनची आठवण झाली. या माणसानं अमेरिकेत लाइटवरचं घड्याळ बनवलं, तर ते वेळ बरोबर दाखवीना. दुसरा कुणी असता तर घड्याळ दुरुस्त करत बसला असता. वॉरननं वीज कंपनीलाच दुरुस्त करायचं ठरवलं. 1916 साली बॉस्टनच्या वीजकेंद्रात त्यानं एक घड्याळ नेऊन लावलं. त्याचा एक काटा लंबकावर चालायचा, दुसरा केंद्राच्या स्वतःच्या विजेवर. दोन्ही काटे एकावर एक राहतील अशा बेतानं यंत्रं चालवा, म्हणाला. आणि कंपनीनं ऐकलं! मी स्थानिक कार्यालयात असं काही बोलून पाहिलं. खिडकीतले गृहस्थ म्हणाले, “बिल भरलंय ना? मग झालं.”

वॉरनची घड्याळं पुढे टेलिक्रॉन नावानं विकली गेली आणि ती आपोआप सुरू व्हायची. वीज जाऊन आली की बिनबोभाट पुढे चालू, पण मधल्या वेळाइतकी चुकीची. म्हणून तबकडीवर एका भोकात लाल ठिपका दिसायचा, की बाई गं, मधे काहीतरी घडलंय, माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. आमचं घड्याळ या भानगडीत पडत नाही. लाइट गेली की थांबतं आणि कुणी गुंडी फिरवेपर्यंत थांबूनच राहतं. गुरुवारी आमच्याकडे दुरुस्तीसाठी लाइट जाते, त्यामुळे गुरुवारी संध्याकाळी मला घरी असणं भाग आहे. लग्नं, बारशी, मुंजी यांना तसं कळवलेलं आहे.

एका गुरुवारी मला उशीर झाला तर बाबांनी उत्साहानं गुंडी फिरवली. उलटी. आमच्या घड्याळाला दिशेची सक्ती नाही, ज्या बाजूला धक्का मिळेल त्या बाजूला ते तितक्याच निष्ठेनं धावतं. चार वाजता सुरू झालेलं घड्याळ सहा वाजता दोन दाखवत होतं आणि बाबा समोर बसून होते. “आज चहाची वेळ होतच नाहीये,” त्यांनी तक्रार केली. मग जरा विचार करून म्हणाले, “असू दे रे, असंच चालू दे थोडा वेळ. सकाळचा पेपर यायचाय परत.”

समोरच्या इमारतीतल्या एका मुलानं हे ऐकून न्यू जर्सीहून तिथलं जुनं लाइटवरचं घड्याळ आणलं. सोबत 230 चे 110 करणारा ट्रान्सफॉर्मरही. पण ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, हर्ट्झ नाही. तिकडची वीज 60 ची, आपली 50 ची. त्याचं घड्याळ तासाला 50 मिनिटंच चालतं, म्हणजे दिवसाला चार तास मागे. तीन दिवसांत बरोबर बारा तास, आणि बारा तासांच्या तबकडीवर बारा तास मागे म्हणजे अगदी बिनचूक. तो अभिमानानं सांगतो की त्याचं घड्याळ दर तीन दिवसांनी सेकंदाला सेकंद जुळतं. मी हेव्यानं गप्प बसतो. माझं तितकं कधी जुळलेलं नाही.

या सगळ्याचा परिणाम असा, की माझं नाव झालं. जिन्याखालचे घड्याळजी आता लाइटवरचं काहीही आलं की माझा पत्ता देतात. परवा पलीकडच्या गल्लीतले एक गृहस्थ पिशवी घेऊन आले. वर्तमानपत्राच्या चार घड्या उलगडून त्यांनी एक पितळी, गोल, काचेची वस्तू माझ्या हातात ठेवली. आत शून्यापासून 200 पर्यंत आकडे आणि एकच काटा. मागून आटे पाडलेली नळी.

“आजोबांचं घड्याळ,” ते म्हणाले. “एक काटा हरवलाय.”

तो बॉयलरचा प्रेशर गेज होता. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. उन्हातून, आशेनं आले होते. मी गेज हातात फिरवला, कानाला लावला, अंगठ्यानं घासला आणि डोळे मिटून त्याचा दीर्घ वास घेतला.

“जर्मन आहे,” मी म्हणालो.

त्यांचा चेहरा उजळला. “वाटलंच मला. सेलवरचं मशीन बसेल का हो यात?”